धरण शंभर टक्के भरलं. आधीचं गेलं कुठे?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गंगापूर धरणाचा फोटो आला. दरवाज्यांतून पाणी उसळतंय, वर मोठ्या अक्षरांत 'धरण १०० टक्के! नाशिककर निश्चिंत!' आणि खाली जोडलेले हात. मी एवढंच विचारलं की भरलं ते उत्तमच झालं, पण मागच्या मोसमात भरलेलं पाणी कुठे कुठे गेलं, याचा हिशोब कुणाच्या पाहण्यात आलाय का? उत्तर आलं, 'ताई, सणासुदीचे कसले हिशोब काढता? गोदामाईने दिलंय, आनंद माना.' त्यावर अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय. ग्रुपवर भांडायचं नाही असं घरी कबूल केलंय, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा.

मुळात शंभर टक्के म्हणजे कशाचे शंभर टक्के? गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७२०० दशलक्ष घनफूट सांगितली जायची. गाळ साचत गेला आणि आता ती ५६३० धरतात. म्हणजे आजचं 'शंभर टक्के' हे त्या ५६३० चं आहे. मधले जवळपास १६०० दशलक्ष घनफूट गेले. गंगापूर समूहातलंच काश्यपी धरण आख्खं १८५२ दशलक्ष घनफुटांचं आहे. एक काश्यपी धरण गाळाने गिळल्यात जमा, आणि आपण फोटोला हात जोडतोय! बरं, गाळ मोजणारी माणसं कुठे परदेशात नाहीत. धरणांतल्या गाळाचं सर्वेक्षण करणारी 'मेरी' ही संस्था आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. रोज तिच्या फाटकावरून स्कूटर नेणाऱ्यांनाही माहीत नसतं की आत काय चालतं.

माझे आप्पा निफाडकडे एका चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाटकरी होते. नव्या पिढीसाठी सांगते, पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीप्रमाणे देणारा माणूस. पगार तुटपुंजा, शिव्या भरपूर. आप्पांचं एक खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. चारीच्या मुखाशी पट्टीवर किती पाणी, किती वाजता, कुणाच्या दाऱ्याला (शेतात पाणी घ्यायच्या तोंडाला) किती तास, शेवटच्या दाऱ्याशी किती पोचलं. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःच आखलेला एक रकाना, लाल शाईतला: 'लागत नाही'. मुखाशी आलेलं पाणी आणि वाटलेलं पाणी यांच्यात जी तफावत उरायची ती तिथे जायची. गळती किती, मुरलं किती याचा त्यांना अंदाज असायचा, तो ते वेगळा लिहायचे. तो धरूनही जे उरलं ते लाल.

तर आता आपल्या शहराकडे या. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणांत किती पाणी आहे ते बघतात आणि ३१ जुलैपर्यंतचं आरक्षण ठरतं. शहराला किती, शेतीला किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या), एकलहऱ्याच्या वीज केंद्राला किती. गंगापूर समूह, दारणा, मुकणे अशा तीन ठिकाणांहून आपण पाणी घेतो. हे सगळं 'मागणी' म्हणून येतं. पेपरात बातमी येते की शहराने इतकं मागितलं, इतकं मंजूर झालं, अमुक नेते नाराज. संपलं. ३१ जुलैनंतर कुणी उभं राहून सांगत नाही की मंजूर झालेल्यापैकी किती उचललं, शुद्धीकरण केंद्रांपैकी विल्होळीला किती गेलं, बारा बंगल्याला किती, शिवाजीनगरला किती, तिथून जलकुंभांत किती चढलं आणि बिलावर किती आलं. मागणीची बातमी होते. खर्चाची होत नाही.

साधा गुणाकार करू. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड. २०११ च्या जनगणनेत आपण १५ लाखांच्या जरा आत होतो. आज २० लाख धरा. रोजचे २७ कोटी लिटर झाले. एक दशलक्ष घनफूट म्हणजे २ कोटी ८३ लाख लिटर, म्हणजे रोज साडेनऊ दशलक्ष घनफूट. पूर्ण वर्षाचे साधारण ३५००. आणि शहराची मागणी हल्ली पाच-सहा हजारांच्या घरात असते. मधलं पाणी कुठे जातं? माझा प्रश्न एवढाच आहे हो! हे पाणी चोरीला जातं असं मी म्हणत नाही. शुद्धीकरणात काही जात असेल, जुन्या लाइनींतून गळत असेल, बाहेरून येणारी माणसं आहेत, यात्रा आहेत, हॉटेलं आहेत, लोकसंख्याही माझ्या अंदाजापेक्षा जास्त असेल. सगळं मान्य. मग त्या प्रत्येकापुढे आकडा लिहा ना. बिलावर न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, असं केंद्राच्याच मानकांत लिहिलंय. आपण त्या २० च्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे आपल्या रस्त्यावरच्या किती जणांना सांगता येईल?

आमच्या सोसायटीचंच बघा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मांडावा लागतो. कायदाच आहे. लिफ्टच्या देखभालीत जरासा फरक दिसला की आमचे हे अंगठेवाले सभासद सभा डोक्यावर घेतात. तेच सभासद धरणाच्या बाबतीत म्हणतात, आनंद माना.

आप्पांची ती रात्र मला अजून लख्ख आठवते. उन्हाळी आवर्तन चालू होतं. टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, एक शेतकरी अंधार पडल्यावर आमच्या ओट्यावर आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायला लागला, पाटकऱ्याने पाणी विकलं म्हणून. त्याच्या कांद्याला शेवटचं पाणी मिळालं नव्हतं. कांदा पोसायच्या वेळेला पाणी चुकलं की काय होतं, हे निफाडच्या माणसाला सांगायला नको. आई घाबरून आत गेली. आप्पा उठले, रजिस्टर आणलं आणि दिव्याखाली उघडून त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाले, 'भाऊ, बस. हे बघ, मुखाशी इतकं आलं. हे दारं, ते दारं, इथपर्यंत लागतंय. या दोन दाऱ्यांच्या मधे लागत नाही. मलाही कळत नाही कुठे गेलं. चल, बघून येऊ.' दोघं बॅटरी घेऊन निघाले. मी हट्टाने मागे. कडेने चालत गेलो तर बाभळीच्या फांद्या टाकून झाकलेला डोंगळा सापडला. पाइप कालव्यात, दुसरं टोक भरावापलीकडे, पाणी आपलं चाललंय गुपचूप. कुणाचा होता ते तिघांनाही लगेच कळलं. गावातला वजनदार माणूस.

तो 'लागत नाही'चा रकाना नसता तर ते दोघं कुठे शोधत फिरले असते? टेलपासून मुखापर्यंत?

म्हणून मला पैठणच्या जायकवाडी धरणाच्या विषयावर आपल्या लोकांची बडबड ऐकवत नाही. दरवर्षी ऑक्टोबर आला की सुरू होतं: मराठवाडा आपलं पाणी पळवतो. अरे, 'आपलं' कुठून आलं? २००५ चा कायदा आहे, समन्यायी वाटपाचा. २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आहे की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला, तेव्हा इथे काय थयथयाट झाला! त्यात गंगापूर समूहाचा वाटा होता अर्धा टीएमसी. म्हणजे ५०० दशलक्ष घनफूट. वरचा गुणाकार परत वाचा. आपल्याच हिशोबात जे सापडत नाही ते याच्या कितीतरी पट आहे. पैठणच्या खाली वाट बघणाऱ्या बाईला आपण कुठल्या तोंडाने 'नाही' म्हणतो? आपल्याकडे दाखवायला रजिस्टर आहे का?

त्यांच्याकडेही प्रश्न आहेत, हे मान्य. साडेतीनशे चौरस किलोमीटरचा उथळ जलाशय, उन्हाळ्यात त्यातून केवढं पाणी हवेत जातं. उसाबद्दल बोलायलाच नको. नदीपात्रातून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उपसलं जातं, तेही खरंच. मग तेही लिहा. नांदूर मधमेश्वरला मोजतातच की खाली किती गेलं. धरणातून सुटलं इतकं, मधमेश्वर ओलांडलं इतकं, पैठणला पोचलं इतकं. तिन्ही आकडे एका कागदावर, एकाखाली एक, दरवर्षी. मग भांडायचं ते भांडू.

पूर आला की आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. पिढ्यान्‌पिढ्या बघतोय, २००८ चा पूर कुठवर होता, २०१९ चा कुठवर, हे लहान पोरंही सांगतात. वाहून जाणारं पाणी तोंडपाठ असलेलं हे शहर आहे. घरात येणाऱ्या पाण्याचं मात्र विचारू नका.

लोक म्हणतील, असं कुठे असतं का? असतं. ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ पडला, २००७ मध्ये जल कायदा झाला आणि तिथल्या हवामान खात्यावर जबाबदारी टाकली की देशाचा पाण्याचा हिशोब मांडा. मेलबर्न, सिडनी, पर्थ, ॲडलेड अशा एकेका शहरी प्रदेशाचा वर्षाचा ताळेबंद. १ जुलैला साठे किती होते, नद्यांतून किती आलं, जलाशयावर थेट पाऊस किती पडला, बाष्पीभवन किती, शहराला किती, शेतीला किती, ३० जूनला शिल्लक किती. आणि त्यात एक ओळ असते, हिशोबात न बसलेल्या तफावतीची. सरकारी छापील हिशोबात! ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खरंच गलबलून आलं. आप्पांचा लाल रकाना.

ते श्रीमंत आहेत, त्यांच्याकडे मीटर आहेत, हे मला कुणी शिकवू नका. आपल्याकडेही जलसंपदा खात्याने सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल काढलेत, या राज्याला हे काम येत नाही असं मुळीच नाही. आणि हेही म्हणते की रात्रीबेरात्री व्हॉल्व्ह फिरवणारी, चिखलात उतरून लाइन जोडणारी माणसं आहेत म्हणून आपण सकाळी चहा पितो. त्यांच्यावर माझा राग नाही. आप्पा त्यांच्यातलेच.

राग कशावर आहे ते सांगते. त्या डोंगळ्यानंतर वरचे एक साहेब आले होते. रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, 'हा लाल रकाना कशाला? गळती आणि बाष्पीभवनात घालून टाका, कागद स्वच्छ दिसतो.' आप्पांनी मान डोलावली नाही. म्हणाले, 'साहेब, हवेत उडालं असतं तर पाइप कशाला सापडला असता?' साहेबांनी त्या पानावर सही केली नाही. ते पान तसंच राहिलं, बिनसहीचं. पण पुढच्या आवर्तनापासून तोच टेलचा शेतकरी रजिस्टर बघायला यायचा, मग त्याच्याबरोबर आणखी दोघे-तिघे यायला लागले. भांडणं काही थांबली नाहीत. आमच्या ओट्यावरची तेवढी कमी झाली, आणि जिथे व्हायला हवी होती तिथे व्हायला लागली.

काश्यपीची माणसं आठवतात मला अशा वेळी. त्यांच्या जमिनी गेल्या त्या आपल्या नळासाठी. कबूल केलेल्या नोकऱ्यांसाठी किती वर्षं आंदोलनं केली त्यांनी, पाणी सोडू देणार नाही म्हणून अडून बसली. ज्यांच्या शेतावर आज ते पाणी उभं आहे, त्यांना तरी सांगायला हवं ना की त्यातलं किती कुणाच्या घरात गेलं आणि किती रस्त्याखालीच संपलं? मला वाटतं आपल्याआधी त्यांचा हक्क आहे त्या कागदावर. हे लिहिताना सकाळचा राग जरा निवलाय, खरं सांगते. राहिलंय ते वाईट वाटणं.

आणि हिशोब नळापाशी थांबू नये. घरात आलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. ते तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांतून परत नदीत जातं. ते किती शुद्ध होऊन जातं, किती तसंच जातं, हे खाली सायखेडा-चांदोरीला पाणवेलींनी भरलेलं पात्र बघणाऱ्यांना विचारा. ते पाणीही कुणाच्या तरी शेतात चढतं. बोअरवेलने उपसतो ते तर कुठल्याच वहीत नाही.

तर आता काय करायचं. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून एक महापालिकेला, एक जलसंपदाला. मागच्या १५ ऑक्टोबरपासून ३१ जुलैपर्यंतचं मागतेय: प्रत्येक धरणाचा सुरुवातीचा आणि शेवटचा साठा, आवक, बाष्पीभवन, शहरासाठी उचललेलं पाणी, कालव्यांना दिलेलं, नदीत सोडलेलं, शुद्धीकरण केंद्रनिहाय रोजचं पाणी, बिल झालेलं पाणी, आणि तफावत. तफावत वेगळी, गळतीत मिसळलेली नको. शेवटच्या गाळ सर्वेक्षणाचं वर्षही विचारतेय.

एकटीच्या अर्जाचं काय होतं ते माहीत आहे. प्रत्येक प्रभागातून एकेक गेला तर बरं. मसुदा तयार आहे, हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, मराठीतच आहे, नाव-पत्ता घालून सही करायची फक्त. सिडको आणि नाशिकरोडकडून कुणी असेल तर आधी बोला, कारण दारणेचं आणि मुकण्याचं पाणी मला तुमच्याइतकं माहीत नाही.