काका, हा रंग काढून टाका

आज संध्याकाळी एका विशीतल्या मुलाने खेळाच्या टेबलावरचा माझा ध्वजधारी, म्हणजे निशाण धरलेला शिशाचा छोटा शिपाई, उचलला, चष्म्याजवळ नेऊन चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "काका, हा रंग काढून टाका. रात्रभर अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, नवाकोरा दिसेल." त्याच्या बोलण्यात कुचेष्टेचा लवलेशही नव्हता आणि तेच जास्त लागले. कुचेष्टेला उत्तर देता येते. मदतीला काय उत्तर द्यायचे? मी "बघू" एवढेच म्हणालो, राहिलेला डाव खेळलो, हरलो, घरी आलो आणि मगापासून त्या पेराएवढ्या शिपायाला दिव्याखाली ठेवून धुमसत बसलो आहे. 'काका' हा शब्द मी मनाला लावून घेतलेला नाही असे लिहिणार होतो, पण तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू?

बावीस वर्षांच्या खंडानंतर मी गेल्या वर्षी पुन्हा वॉरगेमिंगकडे, म्हणजे छोट्या शिपायांच्या फौजा मांडून फाशांवर लढाया खेळण्याकडे, वळलो, त्याला कारण हाच शिपाई. घर बदलताना कॅसेटच्या खोक्याच्या तळाशी तो आडवा पडलेला सापडला. बाकीची सगळी फौज मी एकोणिसाव्या वर्षी विकून टाकली होती, कारण आता खेळण्यांचे वय राहिले नाही, असे चारचौघांनी सांगितले आणि मी ते ऐकले. गंमत अशी, की तेच चारचौघे माझ्या कॅसेटनाही नावे ठेवत होते आणि तिकडे मी साफ दुर्लक्ष केले. कर्कश संगीत ऐकणाऱ्याला लोकांच्या कपाळावरच्या आठ्यांचे काही वाटत नाही, हे तुम्हाला काय सांगायचे. परंतु शिशाच्या शिपायांसाठी तेवढा निगरगट्टपणा माझ्या अंगी नव्हता. त्या व्यवहाराची लाज मला आजही वाटते.

हा ध्वजधारी मी पंधराव्या वर्षी रंगवला. तो तेव्हाही नवा नव्हता. कोणीतरी खेळून कंटाळलेला, शिशाच्या मिश्रधातूचा, निशाणाची काठी किंचित वाकलेली. रंग म्हणजे विमानांच्या मॉडेलसाठी मिळणारा इनॅमल, डबी उघडली की वर साय धरलेली. ब्रशला मोजून सहा-सात केस उरले होते. रंग देण्याआधी प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, हात मारायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. शेजारी टेपरेकॉर्डरवर डेथ मेटल या गुरगुरत्या, कर्कश संगीताची कॅसेट चालू होती, कॉपीच्या कॉपीची कॉपी, इतकी की गिटार कुठे संपते आणि फितीची खरखर कुठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते. समोर माझा मित्र आपली फौज मांडून माझा रंग वाळण्याची वाट पाहत बसला होता. इनॅमल वाळायला तासन्‌तास लागतात. आम्ही दहा मिनिटे थांबलो. पाठ्यपुस्तकांची टेकडी केली होती, आणि ती टेकडी कोणाच्या ताब्यात, यावरून आमचा जो वाद झाला तो पुढचे दोन आठवडे पुरला.

त्या खोलीत संगीत आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, आणि त्या मुळातही वेगळ्या नाहीत. १९८३ साली वॉरहॅमर हा फौजांच्या लढाईचा खेळ आला, १९८७ साली त्याच्या कर्त्यांपैकी एक रिक प्रिस्टली यांनी त्याला एकेचाळिसाव्या सहस्रकात नेऊन ठेवले, आणि त्याच १९८७ साली 'व्हाइट ड्वार्फ' या खेळाच्या मासिकाच्या ९५व्या अंकासोबत सॅबॅट या थ्रॅश मेटल बँडची लवचीक प्लॅस्टिकची तबकडी वाटली गेली. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअर या डेथ मेटल बँडने 'रिअल्म ऑफ केऑस' हा अल्बम काढला. तो अल्बम काढणारी इअरेक ही कंपनी आणि त्याला चित्रे पुरवणारी, वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप, दोघींचे बिऱ्हाड नॉटिंगहॅमच्या परिसरात. मुखपृष्ठावर चिलखतातले सैनिक लढत आहेत, आत ड्रम आणि गिटार रणगाड्यासारखे चालून येत आहेत, आणि त्या चित्रातली माणसे जेवढी मळकट आहेत तेवढाच आवाजही मळकट आहे. तो मळ धुऊन काढायचा विचार आपल्यापैकी कोणाच्या मनात येईल का? जुना डेमो कोणीतरी चकचकीत करून पुन्हा काढतो, ड्रमचा प्रत्येक ठोका संगणकावर रेघेत बसवतो, तेव्हा आपण सगळे काय म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग शिपायाचाच रंग काय म्हणून काढायचा?

परतल्यापासून मला खेळात जे खटकते आहे, ते हेच. हल्ली प्रत्येक फौज सारख्याच हाताने रंगवल्यासारखी दिसते. तोच काळा प्रायमर, त्यावर वरून मारलेला पांढरा फवारा, खाचांत उतरणारा तोच पातळ तपकिरी वॉश, चिलखताच्या प्रत्येक कडेला तीच केसाएवढी उजळ रेघ. चूक कुठेही नाही, आणि म्हणूनच पाहताना नजर कुठे अडकत नाही. चार तास बसून एका बोटभर पुतळ्याच्या गुडघ्यावर सात छटा चढवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा पुतळा टेबलावर कधी येत नाही, कारण हात लागला तर टवका उडेल. हा खेळ आहे की काचेच्या कपाटातले प्रदर्शन? फासे टाकायचेच नसतील, तर चित्रे काढा ना.

चांगल्या रंगकामाला माझा विरोध नाही, एवढे नमूद करतो. दाट रंगाखाली मूर्तिकाराने कोरलेला चेहरा बुजतो हेही खरे, आणि माझ्या ध्वजधारीला आज नाक उरलेले नाही. पुढे.

त्या मुलाने सुचवलेला उपाय माझ्या शिपायाला लागूही पडत नाही, हे मला घरी येताना वाटेत सुचले (नेहमीप्रमाणे उशिरा). अल्कोहोलमध्ये बुडवून रंग सुटतो तो ॲक्रिलिकचा. त्याच्या पिढीने ॲक्रिलिकच पाहिला आहे; पाण्यात मिसळायचा, पाच मिनिटांत वाळणारा, वास नसलेला. वर्षानुवर्षे वाळून घट्ट झालेला इनॅमल अशा आंघोळीने सहजासहजी सुटत नाही. हे त्याला तिथल्या तिथे ऐकवले असते तर किती बरे वाटले असते. शिवाय 'रंग पातळ करून लावा' हा जो मंत्र हल्ली जो तो जपतो, तोही पाण्याचा. आमच्याकडे टर्पेंटाइन लागायचे, आणि ते घरात आणू देत नसत.

पण खरे कारण इनॅमल नाही. त्या शिपायाच्या पाठीवर लाल झगा आहे, आणि झग्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा आहे. दिवा तिरका धरला तर त्यातल्या बारीक रेषा दिसतात. रंग ओला असतानाच आम्ही डाव सुरू केला होता, आणि माझ्या मित्राने माझा ध्वजधारी उचलून फेकल्यासारखा बाजूला ठेवला होता, कारण त्याच्या घोडेस्वारांनी माझी तुकडी मोडली होती. सत्तावीस वर्षे तो ठसा तिथे आहे. ॲक्रिलिक असता तर उमटलाच नसता. हे मी त्या मुलाला सांगितले नाही, कारण अनोळखी माणसाला असे काही सांगायला लागले की आवाज कापतो, आणि समोर त्याची फौज उभी होती.

त्या फौजेबद्दलही आता सांगायला हवे. मी वर जे सारख्याच हाताने रंगवलेल्या फौजांबद्दल लिहिले, त्यात त्याची फौज बसत नाही. त्याने सगळे शिपाई फक्त काळ्या आणि हाडासारख्या पांढऱ्या रंगात रंगवले होते, आणि प्रत्येकावर कुठेतरी एकच पिवळा फराटा. झेरॉक्स मशीनवर काढलेल्या जुन्या फॅनझीनची, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकाची, पाने उभी केल्यासारखी ती फौज दिसत होती. मी विचारले, तर म्हणाला, हे 'मर्क बोर्ग'वरून सुचले. तो स्वीडिश रोल-प्लेइंग गेम डूम आणि ब्लॅक मेटल या संगीताच्या चिखलातूनच वर आला आहे, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. मग त्याने माझ्या टी-शर्टकडे बोट केले. त्यावरचा लोगो म्हणजे वाळक्या फांद्यांची मोळी. बँडच्या सदस्यांनाही तो वाचता येत नसावा. त्याने तो वाचला. मी संगीताच्या मागून खेळात आलो होतो, हा खेळातून संगीतात पोचला होता, आणि दोघे एकाच दलदलीत उभे होतो.

इतकेच नव्हे, तर माझा सेनापती शत्रूवर चढाई करू शकतो हे मी विसरलो होतो, आणि त्याने मला त्याची आठवण करून दिली, स्वतःचे नुकसान होणार हे दिसत असताना. २०१५ मध्ये बंद झालेले आणि २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' म्हणून परतलेले हे जुने वॉरहॅमर, चौकोनी बेसवर (पायाखालच्या तळावर) उभ्या शिपायांचे युद्ध, माझ्या बोटांना आठवते, नियम आठवत नाहीत. शेवटी माझी तुकडी टिकते की पळते, हे ठरवायचा फासा माझ्याच हातात आला. दोन फाशांवर सात किंवा त्याहून कमी हवे होते. ३६ पैकी २१ वेळा ते पडते. मला अकरा पडले. ध्वजधारीसकट सगळे पळाले, आणि त्या वेळी आम्ही दोघेही मोठ्याने हसलो, हे मी या पोस्टच्या सुरुवातीला सांगायचे टाळले.

तेव्हा राग त्याच्यावर होता, असे म्हणता येणार नाही. राग तेवीस वर्षांपूर्वी फौज विकणाऱ्या त्या मुलावर असावा, जो दुसऱ्यांच्या सांगण्यावरून स्वतःचे काम पुसायला तयार झाला होता. तरीही मत बदललेले नाही. बोल्ट थ्रोअरने २००५ मध्ये शेवटचा अल्बम काढला, त्याहून सरस काही जमत नाही म्हटल्यावर पुढचा काढलाच नाही, आणि ड्रमर मार्टिन कर्न्स गेल्यावर वर्षभराने, २०१६ मध्ये, बँडच थांबवला. झाले ते झाले, त्यावर दुसरा हात मारत बसायचे नाही, ही रीत मला अजूनही सगळ्यात योग्य वाटते. नव्याने आणलेले वीस प्लॅस्टिकचे शिपाई आहेत, त्यांना मी प्रायमर लावीन, रंग पातळ करीन, हवे तर त्या मुलाकडून शिकून घेईन. ध्वजधारीला हात लावणार नाही.

हे लिहितानाच मी मित्राला झग्याचा फोटो पाठवला. आमचे बोलणे वर्षातून एखाद्या वेळी होते; त्याने हे संगीत सोडले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. उत्तर लगेच आले. तो म्हणतो, तो अंगठा त्याचा नाही. तू मला तुझ्या एकाही शिपायाला हात लावू देत नव्हतास, तूच रागाने तो उचलून डब्यात टाकलास, टेकडी माझी होती आणि आजही माझीच आहे.

मी आत्ता दिव्याखाली माझा अंगठा त्या ठशाशेजारी धरून पाहिला. ठसा लहान आहे, पंधराव्या वर्षाचा आहे, आणि रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की काहीच सांगता येत नाही. टेकडीबाबत मात्र तो धादांत खोटे बोलत आहे.