शिबिराची गाडी परत गेल्यावर

इंग्लंडात लेस्टरला येऊन मला बावीस वर्षं झाली. पन्नाशी ओलांडली त्या वर्षी घरी पत्र आलं: अमुक तारखेला, अमुक वाजता मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रे तपासणीला, या. मी कुठे अर्ज केला नव्हता, दुखतही काही नव्हतं. इथे १९८८ पासून ही पद्धत आहे. फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव असलं की पन्नास ते त्रेपन्नच्या दरम्यान पहिलं बोलावणं येतं आणि पुढे सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी येत राहतं.

गेल्या महिन्यात तासगावात मॅमोग्राफीच्या गाडीचं शिबिर घ्यायचं ठरलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. भाच्याने लिहिलं, "आत्या, तुमच्या इंग्लंडातच यावर वाद आहे. नसती दुखणी सापडतात, बायकांवर उगाच ऑपरेशनं होतात. मग आपल्याकडे कशाला?"

पोरगा खोटं बोलत नाही. २०१२ साली मायकेल मार्मट या आरोग्यतज्ज्ञांच्या समितीने इथला हिशेब मांडला होता: तपासणीमुळे एका बाईचा जीव वाचतो, तेव्हा साधारण तिघींवर अशा कॅन्सरचे उपचार होतात, जो त्यांना जन्मात कधी त्रास देणार नव्हता. बोलावण्याच्या पत्रासोबतच्या पुस्तिकेतही हे सांगितलेलं असतं. मी ते वाचून, विचार करून गेले.

पण हा वाद, हाताला लागायच्या आधी गाठ सापडते तिथला आहे. आमच्या घरात काय झालं ते भाच्याला माहीत आहे, कारण ती त्याची आईच. थोरल्या वहिनीला ऑक्टोबर छाटणीच्या वेळी अंघोळ करताना गाठ लागली. छप्पन्न वर्षांची बाई, पण कुणाला बोलली नाही. द्राक्षं उतरली, बेदाणा शेडवर गेला, प्रतवारी झाली, आणि मग एका रात्री मला फोन. "वन्सं, दुखत न्हाई म्हणून गप बसले हो." तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. मिरजेला नेली, तर बायोप्सीलाच, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायलाच, नकार. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते, असं शेजारणीने सांगितलं होतं.

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. इथे शंभर बायका तपासल्या की साधारण चौघींना परत बोलावतात आणि त्यातल्या एकीला कॅन्सर निघतो. त्या चौघींत मी होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा ठिपका दिसत होता. भुलीचं इंजेक्शन दिलं. नर्सने सुईचा खटका आधी हवेत वाजवून दाखवला, मी दचकू नये म्हणून. मग तसाच खटका, तीन-चार वेळा. बाटलीत शेवयांच्या तुकड्यांसारखं काहीतरी पडलं. टाका नाही, नुसती पट्टी. आठवड्याने कळलं, गाठ साधी आहे.

सुईने कॅन्सर चवताळत नाही. पण आपल्याकडे बाई सुईपर्यंत पोचते तीच उशिरा, आणि पुढच्या काही महिन्यांत ती गेली की लोक सुईला दोष देतात. ही समजूत भाषणांनी जाणार नाही. लवकर सुई लागलेल्या आणि धडधाकट असलेल्या बायका गावात दिसायला लागल्या, तरच जाईल.

म्हणून माझा शिबिराला विरोध नाही, पण नुसत्या गाडीवर माझा भरवसाही नाही. गाडी एक दिवस येते. फिल्ममध्ये काही दिसलं तर त्या बाईला मिरजेला कोण नेणार, बायोप्सीचा रिपोर्ट कोण आणणार, ती घाबरून घरात बसली तर दार कोण वाजवणार? इंग्लंडकडून घ्यायचंच असेल तर ही पाठपुराव्याची शिस्त घ्यावी. यंत्राशिवायही बरंच होतं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी वहिनीच्या वयाच्या बाईसाठी हा आकडा केवढा मोठा आहे!

आपल्या सरकारच्या २०१६ च्या सूचनांतही तिशीपुढच्या बायकांची अशी हाताने तपासणी करायचं लिहिलं आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ती कधीतरी झालेल्या देशभरात शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत.

शिबिर घेणाऱ्या मंडळाला मी फोन केला. म्हटलं, गाडीची तारीख नंतर ठरवा, आधी मिरजेत बायोप्सीचा वार ठरवून घ्या. आणि पन्नाशीपुढच्या बायकांची नावनिशीवार यादी करा, म्हणजे कोण आली नाही ते कळेल. ते म्हणाले, यादी करणार कोण?

वहिनीची केमो संपून वर्ष झालं, केस पुन्हा आलेत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मी करते की. शेडवरच्या समद्या बायकांची नावं मला तोंडपाठ हैत."