सिगारेटवर खापर फोडून मोकळे

अमेरिकी माजी सैनिक सिगारेट ओढत असेल तर सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) लष्करी सेवेमुळे झाला म्हणून भरपाई मागणारं त्याचं अपील संपलंच, असं अशा नाकारलेल्या दाव्यांवरच्या लेखातून वाटतं. इतकं सरळ नाही ते. ९ जून १९९८ नंतरच्या दाव्यांत ‘सेवेतल्या तंबाखूमुळे आजार’ हे कारण चालत नाही, हे खरं. पण त्याच फुप्फुसांनी इराकमध्ये जळत्या कचऱ्याचा धूरही ओढला असेल तर? माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्यानुसार अशा ठिकाणी राहिलेल्यांचा सीओपीडी, एम्फिसीमा (फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या निकामी होणं), फुप्फुसांचा फायब्रोसिस (त्यांवर व्रण पडून ती कडक होणं) सेवेमुळेच झाला असं गृहीत धरतात. आधी नकार मिळालेल्यांनाही पुरवणी दावा करता येतो.

अपंगत्वाच्या टक्केवारीचा मुद्दा तर लेखात सुटलाच, आणि खरी मेख तिथेच आहे. एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षित पातळीच्या ५६ ते ७० टक्के आला तर अपंगत्व ३० टक्के, ४० ते ५५ आला तर ६०. म्हणजे ५६ चे ५५ झाले की थेट दुप्पट! आणि आकडा बहुधा धरतात तो इनहेलरचं औषध दिल्यानंतरचा, म्हणजे श्वास जरा मोकळा झाल्यावरचा. (रोज जिना चढताना कोण औषध देतं?) त्यामुळे नकाराचं पत्र हाती आलं की आधी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे ही हवा मोजणाऱ्या तपासणीचा, कागद काढून बघावा. पुरवणी दावा नकारानंतर वर्षाच्या आत केला तर मूळ दाव्याची तारीखही शाबूत राहते.