चार्ज यादीत खुर्ची येते, झाड येत नाही

मार्चचा शेवटचा आठवडा. कोकणातल्या एखाद्या फळ संशोधन केंद्रावर अशा वेळी जाऊन बघा. काजूच्या बिया रोज पडतायत, हापूसची तोड सुरू आहे आणि प्रभारी अधिकारी खोलीत बसून बिलं लावतोय, कारण ३१ तारखेनंतर अनुदान हातात राहत नाही. वर्षभराचा डेटा झाडाखाली पडलेला असतो. तो वेचायला मजूर हवेत, तर मजुरीचं हेड, म्हणजे त्या खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम, संपलेलं. यंत्रसामग्रीच्या हेडात शिल्लक आहे, पण त्या पैशांनी बिया वेचता येत नाहीत. प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या पिशवीत, वेगळ्या वजनाने जायला हव्यात. दोन दिवस खाडा झाला की शेजारच्या झाडाच्या बिया मिसळतात, थोड्या कोणीतरी उचलून नेतं, आणि त्या झाडाचं त्या वर्षीचं उत्पादन कागदावर कायमचं चुकतं.

विद्यापीठात चिकटला म्हणजे सुटला, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वर्ग, फळा आणि दिवाळीची सुट्टी असते. कृषी विद्यापीठात एकाच माणसाकडे शिकवणं, संशोधन आणि विस्तार (म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं) अशी तिन्ही कामं असतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. पण दापोली म्हणजे फक्त मुख्यालय, संशोधन केंद्रं कोकणभर विखुरलेली. भात कर्जतला, खारजमीन पनवेलला, नारळ भाट्याला, सुपारी श्रीवर्धनला, आंबा-काजू वेंगुर्ल्याला. वेंगुर्ल्याचं केंद्र तर विद्यापीठापेक्षाही जुनं. तिथल्या माणसाला मुख्यालयात सही घ्यायची तर कुडाळला गाडी पकडायची, खेडला उतरायचं, पुढे एसटीने दापोली. सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी परतेल याची खात्री नाही.

पण खरा घोळ अंतराचा नाही, वयाचा आहे. झाडाचं वय आणि पोस्टिंगचं वय जुळत नाही.

रत्ना आंबा घ्या. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली प्रसारित झाला, फळात साका (गरातला पांढरट, खराब भाग) नाही. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू आला, १९९२ साली. वाचायला दोन ओळी. करायला काय लागतं? मोहोरातली उभयलिंगी फुलं हेरायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, पराग लावायचा, वर पिशवी बांधायची. शेकडो फुलांना हात लावावा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं धरतात. त्यांच्या कोयी लावायच्या, रोपांना पहिलं फळ यायला कित्येक वर्षं थांबायचं. त्या पहिल्या फळावर काही ठरत नाही. आंबा एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो, म्हणून आणखी पाच-सहा हंगामांची तरी वजनं हवीत. मग दुसऱ्या ठिकाणी चाचणी. पंधरा-वीस वर्षं सहज जातात. तेवढ्यात एका जागेवर चार-पाच माणसं येऊन गेलेली असतात.

आणि प्रत्येक वेळी चार्ज दिला जातो, म्हणजे जाणारा माणूस येणाऱ्याकडे पदभार सोपवतो. चार्ज यादीत काय असतं? खुर्च्या, कपाटं, फवारणीचे पंप, वजनकाटा, आंबे उतरवायचे झेले. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानसुमानाच्या नोंदवहीत, एक स्टूल कमी आलं तर वसुली निघते. सातव्या ओळीतलं बारावं झाड कुठल्या संकराचं, हे मात्र त्या यादीत कुठेच नसतं. ते एका नोंदवहीत असतं, आणि प्रक्षेत्रावरच्या जुन्या मजुराच्या डोक्यात असतं.

झाडावरचं लेबलही टिकत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी तारेने बांधली की फांदी जाड होते, तार सालीत रुतते, मग कोणीतरी दया येऊन ती कापून टाकतो. नाहीतर वानर ओढून नेतात. खोडावर रंगाने लिहिलेला आकडा दोन पावसाळ्यांत शेवाळाखाली जातो. सगळ्यात वाईट प्रकार नांग्या भरण्याचा. मधलं एखादं झाड मरतं, जागा रिकामी दिसू नये म्हणून रोपवाटिकेतलं एक कलम तिथे लावलं जातं, आणि त्याची नोंद राहून जाते. दहा वर्षांनी जी सरासरी काढली जाते ती दोन वेगवेगळ्या झाडांची असते. आकडेमोड अचूक, झाड चुकीचं.

भाताचं पीक चार महिन्यांचं, म्हणून तिथे हे होत नाही असं वाटेल. तिथेही होतं. एकाच चाचणीत हळव्या (लवकर पिकणाऱ्या), निमगरव्या (मधल्या) आणि गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) जाती शेजारी-शेजारी असल्या तर हळवी आधी पिकते. आजूबाजूला सगळं हिरवं, मधे एवढाच तुकडा पिवळा. परिसरातले सगळे पक्षी तिथेच उतरतात. कापणी होते, काठच्या ओळी सोडल्या जातात, वजन १४ टक्के ओलाव्यावर आणलं जातं, सगळं शास्त्रशुद्ध, आणि हळवी जात कमी उत्पादनाची ठरते. जाळी वेळेवर लागली नव्हती हे वहीत लिहिलेलं नसेल, तर नवीन आलेल्या माणसाला फक्त किलो दिसतात. परतीच्या पावसात लोळलेल्या भाताचं तसंच. कोणता तुकडा लोळला आणि कापणीआधी किती दिवस, एवढी एक ओळ लिहायची असते.

कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशाला? शेतकऱ्यापर्यंत शेवटी एकच ओळ जाते म्हणून. आंब्याला नियमित मोहोर यावा म्हणून देतात त्या पॅक्लोब्युट्राझोलचंच बघा. झाडाच्या विस्ताराच्या प्रति मीटर व्यासाला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आठ मीटर विस्ताराला २४ मिली. व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी घ्यायची. विस्ताराच्या निम्म्या अंतरावर बुंध्याभोवती २५ ते ३० भोकं पाडून द्रावण त्यात ओतायचं. बागेत प्रत्यक्षात व्यास नजरेने ठरतो, अशक्त झाडालाही तोच डोस पडतो, आणि फांद्या आखडल्या की दोष 'विद्यापीठाच्या औषधा'वर येतो. मुळातला आकडाच डळमळीत असेल तर तिथे उभं राहून बोलता येत नाही.

माझ्या मते जॉईंट ॲग्रेस्को, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक, ही या व्यवस्थेतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. चारही कृषी विद्यापीठांची माणसं समोर बसतात आणि तुमची शिफारस उसवतात. तीन वर्षांपैकी मधल्या वर्षी घट का, हा प्रश्न तिथे हमखास येतो, आणि त्या वर्षीचा माणूस आता तिसऱ्याच केंद्रावर असतो. बदल्या बहुतेक उन्हाळ्यात निघतात, म्हणजे आंबा-काजूची शेवटची वजनं व्हायच्या आधी. फळ केंद्रांपुरती ती तारीख जूनअखेर नेली तर सरकारचं काही बिघडणार नाही. मजुरीच्या हेडातला थोडा भाग मार्चसाठी राखून ठेवणं तर केंद्राच्याच हातात आहे, पण डिसेंबरात तो कोणाला आठवत नाही.

नवीन रुजू होणाऱ्यांनी एवढं करावं. चार्ज यादीला प्रक्षेत्राचा नकाशा जोडून मागावा, ओळ आणि झाड क्रमांकांसकट, दोघांच्या सह्यांनी. मेलेली आणि नव्याने लावलेली झाडं त्यावर वर्षासह लाल खुणेने. नोंदवही पेन्सिलीने लिहावी, जुलैत शाई फुटते. दर शनिवारी पानांचे फोटो काढून दुसरीकडे ठेवावेत. आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जुन्या मजुराला घेऊन बाग ओळीने फिरावी, तो सांगेल ते तिथेच लिहावं. त्याची निवृत्तीची तारीख आस्थापनेत विचारून घ्यावी. ती बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा जवळ असते.