तक्त्यातला सीमाप्रश्न

वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की आमच्या सीमाभागातल्या पतसंस्थेत चेअरमनसाहेबांचा आवाज चढतो आणि माझ्या कॉम्प्युटरभोवती माणसं जमतात. प्रत्येक सभासदाला पत्र जायचं असतं. वर मजकूर, खाली तक्त्यात घरातल्या खातेदारांची नावं, शेअर्स, ठेव, कर्जबाकी, लाभांश. माहिती सगळी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसमध्ये आहे, बटण दाबलं की पत्रं पडतात, असा संचालक मंडळाचा ठाम समज. पडतात, हे खरं. कशी पडतात ते बघायला मात्र मी एकटाच असतो.

पहिलं भांडण नावांचं. आमच्या भागात जुन्या खात्यावर बाईचं नाव, मग 'भ्रतार', मग नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि शेवटी बेळगुंदकर किंवा सांबरेकर म्हणून अख्खं गाव. एवढं सगळं दीड इंचाच्या चौकटीत कसं मावणार? त्यावर 'कॅन ग्रो' नावाची सोय आहे. तिला 'यस' म्हटलं की मजकूर वाढेल तशी चौकट खाली वाढते. पण वाढते ती एकटीच! शेजारची ठेवीची चौकट आहे तेवढीच राहते, लाभांशाचीही. नावाची रेघ खाली, बाकीच्यांच्या वर, आणि तक्त्याचा तळ जिन्यासारखा. आमच्याकडे सीमा सरकावी म्हणून १९५६ पासून मोर्चे निघताहेत, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. इथं एका बेळगुंदकर बाईंनी ती नुसत्या नावावर सरकवली.

बरं, तपासणीला जाणारी प्रत कन्नडमध्ये. मराठीचा बराचसा पसारा डोक्यावर: रफार, वेलांट्या, मात्रा. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पायाखाली लोंबतं. दोघांना एकाच उंचीच्या ओळीत बसवायचं म्हणजे एकाचं डोकं नाहीतर दुसऱ्याचे पाय गेलेच म्हणून समजा. पानं वाचवायची म्हणून साहेबांनी ओळीची उंची कमी करायला लावली. मराठी प्रतीत कुर्लीचा रफार उडाला आणि निपाणीकडच्या एका भल्या गावाची 'कुली' झाली. कन्नड प्रतीत चिक्कोडीचा खालचा 'क' कापला गेला आणि उरलं चक्क 'चिकोडी', आपण मराठी माणसं म्हणतो तसं. आमचे गोकाककडचे कारकून कागद उजेडात धरून म्हणाले, "काय री, हा प्रिंटर तुमच्या पार्टीचा दिसतोय!"

कोऱ्या पानांची तऱ्हा आणखी निराळी. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. रिपोर्टची, म्हणजे अ‍ॅक्सेसमधल्या छपाईच्या आराखड्याची, रुंदी आणि दोन्ही बाजूंचे समास यांची बेरीज त्याच्या केसभर पुढं गेली की प्रत्येक पत्रामागून एक कोरं पान निघतं. स्क्रीनवर बघताना काही खुपत नाही. गठ्ठा दुप्पट झाला की कळतं. साहेब आले, एक कोरं पान उलटंपालटं करून बघितलं. "हे काय येऊलालंय? कोऱ्या कागदावर सह्या घ्यायच्यात काय?" वसुली अधिकाऱ्यांचा चेहरा तेवढ्यात उजळलेला मी पाहिला.

शेवटी जिन्यावर इलाज सापडला. सगळ्या चौकटींच्या बॉर्डर काढून टाकायच्या आणि ओळ छापली जाताना तिच्यातल्या सगळ्यात उंच चौकटीच्या मापानं रेघा कोडमधून मारायच्या. म्हणजे कुणी कितीही वाढो, बाकीच्यांनाही तेवढीच हद्द. हे मी करत होतो, बॉर्डरच्या जागी 'ट्रान्सपरंट' निवडलं होतं आणि नेमके साहेब मागे उभे.

"बॉर्डर काढलास? कुणाला विचारून?"

"साहेब, परत घालणार आहे. सारखी करून."

"बघ हं. सभेत उठून कोण विचारलं तर उत्तर तू द्यायचं."

रेघा जुळल्या, कुर्लीला रफार मिळाला, चिक्कोडीला 'क'. नमुन्याचं पत्र एका पानात, खाली 'आपला विश्वासू' आणि सहीपुरती नेमकी जागा. साहेबांनी ते हात लांब करून, मग जवळ धरून, चष्मा काढून, चष्मा घालून बघितलं.

"झकास झालंय. आता एकच कर. वर महाराजांचा फोटो घाल. मोठा."

घातला. 'आपला विश्वासू' दुसऱ्या पानावर गेला.