खुलासा: प्रोजेक्ट फाइल म्हणजे बॅकअप नव्हे

ठाण्यातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या ग्रुपवर प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दल मेसेज फिरतोय: ‘प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला, कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करा.’ अहो, थांबा! त्या फाइलमध्ये कट, इफेक्ट आणि क्लिप कुठे ठेवल्यात त्याचे पत्ते असतात, क्लिप नसतात. नौपाड्यातल्या पीसीवरची फाइल घोडबंदरला लॅपटॉपवर उघडाल, तर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी दिसेल. (मुंडावळ्या बांधलेला नवरदेव गायब.) प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर उघडून ‘कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन’ निवडा. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही डीआरपी फाइल म्हणजे नुसता प्रोजेक्ट. मीडियासकट, म्हणजे क्लिपसकट, हवा तर डीआरए आर्काइव्ह काढा. एक्स्पोर्ट केलेली एमपी४ जपून ठेवाच, पण तिच्यातून टाइमलाइन, म्हणजे कट-इफेक्टची मांडणी, परत मिळत नाही.