सानिया, दुहेरी आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

सानिया मिर्झावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. तिला मी 'आपली मुंबईची पोरगी' म्हटलं ते तुम्हाला खटकलं. एकेरीत २७ व्या क्रमांकाच्या पुढे जी कधी गेली नाही तिचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंत. आणि तिची दुहेरीतली स्विस जोडीदार मार्टिना हिंगिस हिच्याबद्दल शेवटी लिहिलंत, 'दुहेरीत हिंगिसने जिंकून दिलं, ही नुसती शेजारी उभी होती.' तुम्ही स्वतः कॉलेजकडून टेनिस खेळला आहात, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहिते.

मुंबईबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. १५ नोव्हेंबर १९८६ ला ती इथे जन्मली, तेवढाच संबंध. तिला घडवलं हैदराबादने. वयाच्या सहाव्या वर्षी ती तिथे शेणाने सारवलेल्या कोर्टवर खेळायला लागली. आपल्या आज्या अंगण सारवायच्या तसंच कोर्ट, त्यावर चुन्याच्या रेघा! वडील, इम्रान मिर्झा, तिचे कोच झाले, सगळं घर तिच्या खेळाभोवती फिरलं. त्यांच्या कष्टांचं श्रेय आपण दादरला बसून घ्यायचं, हे चुकलंच माझं. मथळा आजच बदलते.

बाकीचं मात्र पटत नाही.

२७ हा आकडा तुम्हाला लहान वाटतो. तिच्याआधी निरुपमा वैद्यनाथनने १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ग्रँड स्लॅममधला, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधला, आधुनिक काळातला (१९६८ नंतरचा) भारतीय महिलेचा पहिला एकेरी विजय मिळवला होता, आणि तिचाही सर्वोत्तम क्रमांक १३४ होता. तिथून सानिया ऑगस्ट २००७ मध्ये २७ वर गेली. त्याआधी २००५ मध्ये दुबईत तिने कुझ्नेत्सोवाला हरवलं होतं, जी तेव्हा अमेरिकन ओपनची विजेती होती. सानियानंतर आजवर एकही भारतीय महिला एकेरीत पहिल्या शंभरात पोहोचलेली नाही. तुम्ही विचारता ती पुढे का गेली नाही. मला वाटतं, ती तिथपर्यंत पोहोचली कशी, हे आधी विचारायला हवं.

आणि पुढे न जाण्याचं कारण होतं तिचं मनगट. तिच्या फोरहँडची सगळी ताकद मनगटाच्या झटक्यात होती, आणि नेमकं तेच गेलं. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला पहिल्याच फेरीत सामना अर्धवट सोडावा लागला. त्या काळात केससुद्धा विंचरता येत नव्हते, असं तिने नंतर सांगितलंय. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते मी घरात पाहिलंय. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना तिचं उजवं मनगट दुखायला लागलं. तिच्या तेव्हाच्या कोचचं एकच, 'थोडं दुखणारच, खेळत राहा.' आम्हीही ऐकलं. मग एके दिवशी ती ताटावर बसली आणि तिला पोळीचा तुकडा मोडता येईना. डावा हात पुढे केला, मागे घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'आई, तू मोडून दे.' त्या मनगटाने सर्व्हिस करायची, तीही आठवड्यामागून आठवडे, विमानं बदलत, म्हणजे काय असेल? सानियाने २०१३ मध्ये एकेरी सोडलं. 'झेपलं नाही म्हणून दुहेरीत गेली' असं म्हणण्याआधी एवढं तरी डोळ्यांसमोर आणा.

आता 'शेजारी उभी होती' याबद्दल. या वाक्याचा मला खरंच राग आला. हिंगिसशी जोडी जमण्याआधीच सानियाच्या नावावर मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम होती: २००९ ला ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ला फ्रेंच, दोन्ही महेश भूपतीबरोबर, आणि २०१४ ला अमेरिकन, ब्रुनो सोआरेसबरोबर. मग हिंगिसबरोबर विम्बल्डन आणि अमेरिकन २०१५, ऑस्ट्रेलियन २०१६, आणि सलग ४१ विजय. जोडी तुटल्यावर काय झालं? ऑगस्ट २०१६, सिनसिनाटीची अंतिम फेरी. सानिया आणि स्ट्रायकोवा एका बाजूला, हिंगिस आणि व्हँडवे दुसऱ्या बाजूला. सानियाची जोडी जिंकली, आणि तोवर हिंगिसबरोबर वाटून घेतलेलं दुहेरीतलं अव्वल स्थान तिचं एकटीचं झालं. शेजारी नुसती उभी राहणारी बाई नेटच्या पलीकडे गेल्यावर जिंकते कशी?

दुहेरीचं कोर्ट ३६ फूट रुंद, एकेरीचं २७. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला येते ती रुंदी कमीच, पण चेंडू परतून यायला वेळ लागत नाही. नेटवरची जोडीदार कधी सरकणार, मधल्या चेंडूवर कोण जाणार, सर्व्हिस कुठे टाकली की तिला सोपा चेंडू मिळेल, हे पाठीमागे बोटांनी खुणा करून ठरवायचं आणि दोन सेकंदांत निभवायचं. कॉलेजात एकेरी खेळलेल्या माणसाला हे कदाचित जाणवलं नसेल.

लेकीचं मनगट बरं व्हायला वर्ष गेलं. आता ती रविवारी सकाळी मैत्रिणीबरोबर दुहेरी खेळते. मी जाळीबाहेर बाकावर बसते. मागून लोकल धडधडत जाते, आणि त्या आवाजावर दोघींचं ओरडणं ऐकू येतं, 'माझा!', 'सोड!', 'तुझा, तुझा!'

एक विनंती करते. २०१५ च्या विम्बल्डनची महिला दुहेरीची अंतिम फेरी बघा, निदान तिसरा सेट तरी. समोर माकारोवा आणि वेस्निना. सानिया-हिंगिस २-५ ने मागे. तिथून ५-५. मग उजेड कमी झाला म्हणून खेळ थांबवून छत बंद केलं, दिवे लागले, आणि आल्यावर दोघींनी उरलेले दोन्ही गेम घेतले. ७-५. ते पाच गेम सानियाकडे बघत बघा, आणि मग मला लिहा.